घरच्या तुपाची नानकटाई

दिवाळी जवळ आली म्हणजे तालुक्याच्या गांवीं बेकरीच्या दारांत निराळीच गर्दी दिसूं लागते. कोणी रव्याची पिशवी, कोणी तुपाचा डबा, कोणी दळलेली साखर घेऊन आलेलें असतें. कारागीर जिन्नस तोलून घेतो, पत्र्यावर गोळे मांडतो, आणि पावाची भाजणी उरकल्यावर भट्टींत जी उतरती ऊब राहते तींत नानकटाई भाजून देतो. ही चाल चांगली आहे. परंतु जो शेतकरी वस्तीवर राहतो त्यानें दोन डबे तुपासाठीं दिवस मोडून तालुक्यास जावें, किंवा नाइलाजानें तयार पुडा विकत आणावा, याचें कारण काय? गहूं घरचा, दूध घरचें. उणी ती काय एक भट्टी. ती उणीव कढईनें भरून निघते, हें सांगण्यासाठीं हा लेख.

नानकटाई मूळची आपल्या चुलीची नव्हे. 'नान' म्हणजे फारसींत रोटी. 'खताई' विषयीं जाणत्यांत एकमत नाहीं. सुरतेस डच लोकांची वखार सतराव्या शतकाच्या आरंभीं पडली. त्यांच्या पावभट्ट्या पुढें पारशी मंडळींच्या हातीं आल्या आणि त्यांतूनच नानकटाई निघाली, अशी कथा तेथें सांगतात. कथा कशीही असो, आपल्याकडे हा पदार्थ उशिरां रुळला याचें कारण उघड आहे. आपली चूल व तवा खालून भाजतात. नानकटाईस चोहोंकडून मंद आंच लागते.

महसूल खात्यांत जन्म गेल्यामुळें आधीं हिशेब मांडण्याची आम्हांस खोड आहे. सुमारें तीस नगांस २०० ग्रॅम तूप लागतें. तेवढें तूप कढवावयास म्हशीचें जवळ जवळ चार लिटर दूध विरजावें लागतें, आणि गाईचें असेल तर सहा लिटरांच्या आसपास. तेंच दूध डेअरीस घातलें असतें तर काय आलें असतें, तें प्रत्येकानें आपल्या पासबुकांत पाहावें व त्यांतून घरांत राहिलेल्या ताकाची किंमत वजा करावी. हा आंकडा पाहतां घरची नानकटाई बाजारच्या पुड्याहून महाग पडते, हें आम्ही लपवीत नाहीं. "घरीं केलें म्हणजे स्वस्त" असें जे सांगतात ते तुपाची किंमत धरीत नाहींत.

परंतु दोन जिनसा सारख्या असतील तरच भावाची तुलना खरी. बाजारी मालांत बहुधा वनस्पति तूप किंवा पामतेल असतें. वनस्पति तूप म्हणजे तेलांत हायड्रोजन वायु मुरवून घट्ट केलेला पदार्थ. ही क्रिया अर्धवट झाली कीं त्यांत ट्रान्स फॅट नांवाचा घटक उत्पन्न होतो आणि तो हृदयास घातक ठरला आहे. सरकारनें जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा शेंकडा दोनवर आणली, ही चांगली गोष्ट झाली. तथापि घरचें तूप म्हणजे अमृत असेंही कोणी समजूं नये. वरील मापानें एकेका नगांत साडेसहा ग्रॅम तूप जातें. चहाबरोबर दोन पुरेत. आमचा मुद्दा इतकाच कीं आपलें उत्तम तूप डब्यांत घालून विकावयाचें आणि मुलांच्या हातांत वनस्पतीचें बिस्किट द्यावयाचें, हा व्यवहार शहाणपणाचा नाहीं.

आतां माप. वस्त्रगाळ कणीक किंवा मैदा २५० ग्रॅम, बेसन ५०, बारीक रवा ५०, तूप २००, पिठीसाखर १७५. खाण्याचा सोडा चहाचा पाव चमचा, दहीं एक लहान चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा व जायफळ.

सर्व कसब तुपांत आहे. तूप पातळ नको व दगडासारखेंही नको. रवाळ, बोटानें दबेल असें असावें. वैशाखांत तें वितळलेलेंच असतें, तेव्हां भांडें गार पाण्यांत ठेवून थिजवून घ्यावें. परातींत तूप व साखर तळहातानें एकाच दिशेनें फेसावीं. दहा-पंधरा मिनिटांत मिश्रण पांढरें व हलकें होतें. तें हवा कोंडल्यामुळें; पुढें सोडा हीच हवेची पोकळी फुगवितो. येथें आळस केला तर मग सोडा वाढवून उपयोग नाहीं. रंग काळवंडतो व साबणासारखी चव येते.

पीठ घातल्यावर मळूं नये, हें घरांतील मंडळींस बजावून सांगावें, कारण पोळीच्या कणकेची संवय हातास असते. गव्हांतील चिकटा पाणी व मळणी मिळाली कीं ताणला जातो. पोळीस तो हवा, येथें नको. तुपांत पाणी जवळ जवळ नसतेंच, म्हणून नानकटाई खुसखुशीत होते. लोण्यांत शेंकडा सोळांच्या आसपास पाणी असतें. तूप कढविण्याचा कंटाळा करून लोणी वापरल्यास तो खुसखुशीतपणा येत नाहीं. सांगली-साताऱ्याकडे ज्यांच्या घरीं खपली गहूं असेल त्यांनीं तो अवश्य वापरून पाहावा. त्याचा चिकटा मुळांतच दुबळा, म्हणून या कामास अनुकूल. ज्वारीच्या पिठांत तर तो नाहींच; गव्हाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ज्वारी अथवा नाचणी खपते, त्याहून अधिक घातल्यास नग हातांत फुटतो. बाजरीचें पीठ चार दिवसांत कडू होतें, तें या कामीं नको. गुळाचें विचारणारे पुष्कळ भेटतात. गुळांत ओल असते व तो तुपांत फेसला जात नाहीं. हौस असेल तर अर्ध्या साखरेऐवजीं कोरडी गूळपूड घालावी, पण नग पसरट होईल.

मिश्रण अर्धा तास झांकून ठेवावें, लिंबाहून लहान गोळे करून किंचित् चेपावे.

जाड बुडाच्या कढईंत दोन बोटें वाळू किंवा जाडें मीठ पसरावें, वर तिवई ठेवावी, घट्ट झांकण घालून दहा-बारा मिनिटें मध्यम आंचेवर तापवावें. मग तूप लावलेल्या थाळींत गोळे अंतर राखून मांडावे, थाळी तिवईवर ठेवावी व आंच अगदीं मंद करावी. चूल असेल तर खालीं थोडे व झांकणावर अधिक निखारे, हें प्रमाण ध्यानांत ठेवावें. उलट केल्यास बूड करपून वरची बाजू कच्ची राहते. वीस ते पंचवीस मिनिटें लागतात. पहिलीं पंधरा मिनिटें झांकण उघडूं नये. ज्यांच्याकडे विजेचा ओव्हन आहे त्यांनीं १६० ते १७० अंश सेल्सियसवर पंधरा-अठरा मिनिटें ठेवावें.

वर भेगा पडल्या, कडा बदामी झाली, कीं उतरावें. वरचा थर आधीं धरतो आणि आंतला भाग मागाहून फुगतो म्हणून त्या भेगा पडतात. तें व्यंग नव्हे. नग गरम असतां मऊच लागतो, आणि पुष्कळ बायका तो कच्चा समजून पुन्हां भाजतात व कडक करून टाकतात. थाळींतच निवूं द्यावा; निवाल्यावर आपोआप घट्ट होतो.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा भरूं नये, नाहीं तर वाफेनें सर्व सादळतें. स्टीलच्या किंवा कांचेच्या घट्ट झांकणाच्या बरणींत पंधरा दिवस उत्तम टिकते. पावसाळ्यांत मऊ पडल्यास त्याच कढईंत पांच मिनिटें मंद आंचेवर ठेवून निववावी, म्हणजे पूर्ववत् होते.