बाटलीतली आमरी केळीच्या रोपासारखी नसते

धाराशिव जिल्ह्यात ‘टिश्यू कल्चर’ म्हटले की बहुतेक शेतकऱ्यांना केळी आठवते. एका मापाची, एका वेळी घडाला येणारी रोपे. त्याच मापाने ऑर्किडकडे, म्हणजे आमरीकडे पाहिले की समज होतो : प्रयोगशाळेत बियांपासून आमरी वाढवणे म्हणजे एकाच झाडाच्या हजारो नकला काढणे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. केळीच्या मुनव्याचा शेंडा घेऊन रोपे वाढवतात, त्यात नवे बी कुठेच येत नाही, म्हणून ती मूळ झाडासारखीच निघतात. आमरीचे बी परागीभवनातून तयार होते. एकाच बोंडातली रोपे सख्ख्या भावंडांसारखी असतात, सारखी दिसली तरी एक नसतात.

मग बी साध्या मातीत का पेरत नाहीत? कारण ते धुळीच्या कणाएवढे असते आणि त्यात गहू-ज्वारीच्या दाण्यासारखा अन्नसाठा नसतो. रानात विशिष्ट बुरशी बियात शिरते आणि तिच्याकडून मिळालेल्या अन्नावर अंकुर वाढतो. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९मध्ये हे नाते ओळखले. पुढे अमेरिकेत लुईस नडसन यांनी १९२२मध्ये दाखवले की साखर आणि क्षार घातलेल्या आगरच्या जेलीवर आमरीचे बी बुरशीशिवायही रुजते. प्रयोगशाळेतली बाटली एवढेच करते : बुरशीच्या जागी साखर पुरवते. जनुकांना ती हात लावत नाही, त्यामुळे या रोपांना ‘जनुकबदल केलेली’ म्हणणे चूक आहे. कच्चे हिरवे बोंड अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवरून फिरवतात, निर्जंतुक पात्याने चिरतात आणि आतली पूड आगरवर झटकतात. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, तिथे हिरवे ठिपके दिसू लागतात. पाने आणि मुळे त्यानंतर फुटतात.

आता आक्षेप. ‘आमरी म्हणजे बांडगूळच, ते वाढवायचे कशाला?’ बांडगूळ आंब्याच्या फांदीत शोषकमुळे रोवून पाणी व क्षार ओढते. झाडावरची आमरी फांदीचा फक्त आधार घेते. ‘आपल्या कोरड्या मुलखात ती कशी टिकेल?’ हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पण ‘रास्ना’ या नावानेही ओळखली जाणारी वांदा टेसेलाटा कोरड्या पानझडी रानातही राहते. तिच्या लोंबत्या मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पावसाचे आणि दवाचे पाणी झटकन टिपते. मात्र बाटलीतल्या दमट हवेत वाढलेले रोप थेट एप्रिल-मेच्या उन्हात आणले तर करपेल. पाऊस सुरू झाल्यावर सावलीत हळूहळू सरावू देणे, हाच उपाय. आणि फूल दिसायला काही वर्षे थांबावेच लागते. झटपट नफ्याचा हिशेब इथे जुळत नाही.

म्हणून ज्याला बाजारासाठी एकसारखी फुले हवीत, त्याने शेंड्यापासून केलेली रोपे घ्यावीत. ज्याला आपल्या रानातली जात तिच्या सगळ्या वैविध्यासह जपायची आहे, त्याच्यासाठी बियांची बाटली आहे. एका बोंडातून शेकडो रोपे मिळू शकत असताना रानातली आमरी फांदीवरून ओरबाडून घरी आणण्याला कोणतेही कारण उरत नाही.