कॉमिक फसलं तर दोष कुणाचा? स्पायडर-मॅनच्या चाहत्यांचा वाद सोप्या शब्दांत

सुपरहीरो कॉमिक्सचे चाहते दोन कारणांवरून हमखास भांडतात. एक म्हणजे कथा, दुसरं म्हणजे चित्रं. गेल्या काही वर्षांत या भांडणाच्या केंद्रस्थानी राहिला तो स्पायडर-मॅन. २०२४ मध्ये मार्व्हल कंपनीच्या त्याच्या दोन मालिका एकाच वेळी सुरू होत्या. एकीवर टीकेची झोड उठली, दुसरीचं भरभरून कौतुक झालं. नायक तोच, कंपनी तीच, मग असं का झालं? आणि चाहत्यांचा राग खरंच योग्य माणसावर निघतोय का?

नेमका वाद काय?

'द अमेझिंग स्पायडर-मॅन' ही मुख्य मालिका २०२२ मध्ये पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू झाली. लेखक होते झेब वेल्स आणि प्रमुख चित्रकार जॉन रोमिता ज्युनियर. वाचकांनी अंक उघडला तेव्हा पीटर पार्करची मेरी जेन त्याच्यापासून दुरावलेली होती. पॉल नावाच्या माणसासोबत दोन मुलांचा संसार करत होती. हे कसं घडलं, याचं उत्तर मिळायला वाचकांना जवळपास वर्षभर वाट पाहावी लागली.

२०२३ मध्ये याच मालिकेच्या २६व्या अंकात कमला खान, म्हणजेच मिस मार्व्हल, मरण पावली. लोकप्रिय नायिकेला दुसऱ्याच्या मालिकेत का मारलं, असा सवाल चाहत्यांनी केला. दोन महिन्यांतच ती परत आली आणि हा मृत्यू फक्त चर्चेसाठीच होता का, अशी नवी चर्चा सुरू झाली.

जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि चित्रकार मार्को केकेट्टो यांची 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' ही मालिका आली. तिचं विश्व वेगळं आहे. इथला पीटर पस्तिशीतला, मेरी जेनचा नवरा आणि दोन मुलांचा बाप आहे. अंकल बेन जिवंत आहेत, आंट मे नाहीत. पीटरला शक्ती मिळते ती या वयात. पहिल्या अंकाच्या प्रती पुन्हा पुन्हा छापाव्या लागल्या.

लग्नावरून एवढा राग का?

याचं मूळ २००७ मध्ये आहे. पीटर आणि मेरी जेनचं लग्न १९८७ मध्ये झालं होतं. वीस वर्षांनी 'वन मोअर डे' या कथेत गोळी लागलेल्या आंट मेचा जीव वाचवण्यासाठी दोघं मेफिस्टो या सैतानाशी सौदा करतात आणि त्यांचं लग्न इतिहासातूनच पुसलं जातं. अनेक चाहत्यांनी ही गोष्ट आजही माफ केलेली नाही.

कथेवर लेखक म्हणून नाव होतं जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांचं, त्यामुळे राग त्यांच्यावर निघाला. पण विवाहित पीटर कथेच्या दृष्टीने अडचणीचा आहे, ही भूमिका त्या वेळचे मार्व्हलचे मुख्य संपादक जो केसाडा जाहीरपणे मांडत होते. या कथेची चित्रंही त्यांनीच काढली होती. शेवटाबद्दल आपले मतभेद होते आणि आपलं नाव काढून टाकण्याचा विचार केला होता, असं स्ट्रॅझिन्स्की यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं.

म्हणजे मुखपृष्ठावर लेखकाचं नाव असलं, तरी पात्राचं लग्न टिकणार की मोडणार, हा निर्णय त्याच्या एकट्याच्या हातात असेलच असं नाही. पात्राची मालकी कंपनीकडे असते. लेखक येतात, काही वर्षं मालिका चालवतात आणि जातात. 'अल्टिमेट'मध्ये हिकमन यांना मोकळीक मिळाली, कारण ते विश्वच वेगळं होतं. तिथे पीटरचं लग्न लावून मुख्य मालिकेचं काहीच बिघडत नव्हतं.

चित्रकार फक्त चित्रं काढतो का?

नाही, आणि स्पायडर-मॅनच त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. ऑगस्ट १९६२ ही तारीख असलेल्या 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकात तो पहिल्यांदा दिसला. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांची ती अकरा पानांची गोष्ट. त्या काळात मार्व्हलमध्ये पूर्ण संहिता लिहून देण्याची पद्धत नव्हती. ली थोडक्यात कल्पना सांगत, चित्रकार सगळी पानं काढून आणे आणि मग ली संवाद लिहीत. प्रसंग किती लांबवायचा, कुठे थांबायचं, हे चित्रकार ठरवे. पुढे डिटको यांना कथानकाचं श्रेयही मिळू लागलं.

३३व्या अंकात स्पायडर-मॅन अवजड यंत्राखाली अडकतो. उठायचं, एवढीच घटना. पण डिटको ती पानांमागून पानं ताणतात. तो जसजसा जोर लावतो, तसतशा चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी अख्ख्या पानावर तो यंत्र उचलताना दिसतो. इथे कथा कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होतं, हे सांगताच येत नाही.

१९६६ मध्ये डिटको बाहेर पडले आणि जॉन रोमिता सीनियर आले. किडकिडीत, अवघडलेला पीटर हळूहळू देखणा झाला, मालिकेत प्रेमकथेचा रंग वाढला. लेखक मात्र तेच होते, स्टॅन ली. २०२२ च्या मालिकेचे चित्रकार रोमिता ज्युनियर हे याच रोमितांचे चिरंजीव.

मग चित्रं चांगली असली की झालं?

तो प्रयोगही होऊन गेला आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकारच स्टार होते. १९९१ चा 'एक्स-मेन'चा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी घेतल्या. १९९२ मध्ये टॉड मॅकफार्लेन, जिम ली यांच्यासह सात चित्रकारांनी 'इमेज कॉमिक्स' काढली. त्या काळातल्या अनेक अंकांवर आजही एकच टीका होते : चित्रं दणकेबाज, गोष्ट पोकळ.

याउलट 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'च्या चौथ्या अंकात मारामारी जवळपास नाहीच. दोन जोडपी जेवणाच्या टेबलाशी गप्पा मारतात. हा अंक डेव्हिड मेसिना यांनी काढला. चेहऱ्यांवरचे भाव जमले नसते, तर उत्तम संवादही वाया गेले असते.

एकाच मालिकेत चित्रकार का बदलतात?

चाहत्यांची ही नेहमीची तक्रार. महिन्याला साधारण वीस पानांचा अंक द्यायचा, तर चित्रकाराला जवळपास रोज एक पान पूर्ण करावं लागतं. दर महिन्याला हा वेग टिकवणं अवघड असतं. मग मधले अंक दुसऱ्याकडे जातात किंवा अंकाला उशीर होतो.

हा फक्त चाहत्यांचा वाद आहे का?

नाही. 'हे नेमकं कुणी निर्माण केलं?' हा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. जॅक कर्बी यांच्या वारसांचा मार्व्हलशी असलेला वाद २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. २०१८ मध्ये डिटको यांचं निधन झालं. त्यांच्या वारसांनी स्पायडर-मॅनवरचे हक्क परत मागितले आणि हा वादही २०२३ मध्ये तडजोडीने संपला. पात्रं कंपनीकडेच राहिली.

भारतातही याची एक झलक दिसते. २००४ मध्ये 'स्पायडर-मॅन : इंडिया' या कॉमिकमध्ये मुंबईतला पवित्र प्रभाकर आला. जीवन कांग यांनी त्याला धोतर नेसवलं. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटात पवित्र जगभर पोहोचला. पण तो पहिल्यांदा कुणी रेखाटला, हे किती प्रेक्षकांना माहीत होतं?

म्हणूनच पुढचा अंक आवडला किंवा अजिबात आवडला नाही, तर श्रेयनामावलीचं पान एकदा वाचायला हवं. तिथे लेखक असतो, चित्रकार असतो, शाई देणारा, रंगकाम करणारा, अक्षरं लिहिणारा असतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी संपादक असतो. चाहत्यांच्या चर्चेत सहसा पहिली दोनच नावं येतात.