सनद, सोडत आणि पट

मराठीला ‘सनद’ हा शब्द नवा नाही. इनामाची सनद, वतनाची सनद, वकिलीची सनद. सनद देणारा एक, घेणारा दुसरा आणि मध्ये अटी. अमेरिकेतल्या ‘चार्टर स्कूल’ला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न पडला की हाच शब्द पुढे येतो, कारण त्या शाळेचा सारा कारभार एका करारनाम्यावर उभा असतो. पैसा सरकारी, फी नाही, सर्वसाधारणपणे प्रवेश परीक्षा नाही; पण शाळा चालवणारे मंडळ स्वतंत्र. शिक्षकांच्या नेमणुका, शाळेची वेळ, अभ्यासक्रम, शिस्त यांबाबत सरकारी नियमांतून बरीच सूट. त्या बदल्यात ठरावीक मुदतीत, पुष्कळ ठिकाणी पाच वर्षांत, निकाल दाखवायचा. नाही दाखवला तर सनदेचे नूतनीकरण होत नाही.

सरकारी पैसा आणि खासगी व्यवस्थापन म्हटले की आपल्याला अनुदानित शाळा आठवते. साम्य तेवढ्यापुरतेच. अनुदानित शाळेत वेतनश्रेणीपासून सुट्ट्यांपर्यंत सरकारचे नियम अनुदानामागोमाग येतात. सनदी शाळेला सरकार पैसे देते आणि त्यातले बरेचसे नियम बाजूला ठेवते. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन सनदी शाळांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. ‘चार्टर शाळा चांगल्या असतात का?’ या प्रश्नाला पालकापुरता फारसा अर्थ उरत नाही, तो यामुळे.

कल्पना मांडली रे बड या मॅसॅच्युसेट्समधल्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांनी. १९८८ मध्ये तिला देशभर पोहोचवले अल्बर्ट शँकर यांनी, आणि शँकर हे शिक्षक संघटनेचे अध्यक्ष होते! शिक्षकांनी शाळेच्या आत शाळा काढावी, नवे प्रयोग करावेत, असे त्यांच्या मनात होते. पुढे गाडी वेगळ्याच रुळांवर गेली आणि त्याच संघटना या शाळांच्या सर्वांत मोठ्या विरोधक झाल्या. पहिला कायदा मिनेसोटा राज्याचा, १९९१चा. पहिली शाळा पुढच्या वर्षी सेंट पॉल शहरात उघडली. आज सुमारे ३७ लाख मुले अशा शाळांत आहेत. न्यू ऑर्लिन्समध्ये २००५च्या कतरिना वादळानंतर जवळजवळ सगळी सार्वजनिक शाळाव्यवस्थाच सनदी झाली.

आता पालकाकडे येऊ. शहरातल्या शाळेच्या माहितीपत्रकावर परीक्षेतल्या उत्तीर्णांची टक्केवारी असते आणि शेजारच्या सरकारी शाळेची टक्केवारी तिच्या निम्म्याने असते. पण या शाळेत मूल आपोआप येत नाही. कुणीतरी वेळेत अर्ज भरलेला असतो, चौकशी केलेली असते, रोज दूरवर नेऊन सोडण्याची तयारी ठेवलेली असते. असे आईवडील ज्या मुलाला आहेत ते मूल कुठल्याही शाळेत थोडे बरेच करील. मग शाळेचे श्रेय किती आणि घराचे किती?

याचे उत्तर शोधायला संशोधकांना सोडतीने मोठी मदत केली. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. महाराष्ट्रात शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांची सोडत ज्यांनी धडधडत्या छातीने पाहिली आहे त्यांना ही घालमेल सांगायला नको. पण संशोधकाच्या दृष्टीने ही सोडत म्हणजे घबाडच. अर्ज करणारी सगळीच घरे जागरूक. चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली मुले यांत फरक फक्त नशिबाचा. पुढे त्यांच्या गुणांत फरक पडला तर तो शाळेचा. जोशुआ अँग्रिस्ट (२०२१चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्यांपैकी एक), पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या शाळा अशा तपासल्या. चिठ्ठी निघालेल्या मुलांची प्रगती, विशेषतः गणितात, स्पष्टपणे जास्त निघाली. नंतरच्या अभ्यासात एसएटीचे गुण वाढलेले दिसले आणि दोन वर्षांच्या कॉलेजऐवजी चार वर्षांच्या कॉलेजात जाणारी मुले वाढलेली दिसली. गंमत अशी, की त्याच राज्यातल्या शहराबाहेरच्या सनदी शाळांत हा लाभ आढळला नाही. शहरातल्या या शाळांत दिवस लांब, शिस्त कडक, शिकवणी भरपूर. आणि ज्या सरकारी शाळांशी त्यांची तुलना होते त्या शाळांची अवस्थाही नाजूक.

देशभराचे चित्र इतके उजळ नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने २००९ मध्ये १६ राज्यांचा अभ्यास केला. गणितात १७ टक्के सनदी शाळा तुलनेच्या सरकारी शाळांहून सरस, ३७ टक्के त्यांच्याहून वाईट, उरलेल्यांत फरक नाही. २०२३च्या अहवालापर्यंत सरासरी किंचित अनुकूल झाली होती, पण पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या सनदी शाळांचा निकाल फार वाईट होता. घरबसल्या शाळा म्हणून कुणी त्या सुचवल्या तर दोनदा विचार करावा.

सोडतीच्या अभ्यासांनाही एक मर्यादा आहे. जिथे गर्दी आहे तिथेच सोडत होते. ज्या शाळेत जागा रिकाम्या राहतात तिच्याबद्दल हे अभ्यास मुके आहेत.

खरी मेख पटात आहे. समजा, एका शाळेत सहावीत ९० मुले आली आणि बारावीत ४० उरली. त्या चाळिसांनाही कॉलेजात प्रवेश मिळाला, की माहितीपत्रक छापते: शंभर टक्के! आकडा खोटा नाही. फक्त भागाकार कशाने केला ते लिहिलेले नाही. बॉस्टनच्या संशोधकांनी चिठ्ठी निघालेले मूल मध्येच शाळा सोडून गेले तरी त्याला जिंकलेल्यांतच मोजले, म्हणून त्यांच्या निष्कर्षाला वजन आहे. शाळा तसे मोजत नाही. म्हणून पालकाने राज्याच्या शिक्षण खात्याच्या नोंदींतून त्या शाळेचा इयत्तावार पट पाच-सात वर्षांचा काढावा आणि एकाच तुकडीचा माग घ्यावा. यंदाची सहावी पुढल्या वर्षी सातवी म्हणून किती मोठी आहे? शहरात मुले इतर शाळांतूनही गळतात, भाडेकरू घरे बदलतात. तेव्हा शेजारच्या सरकारी शाळेचाही असाच हिशेब करावा, नाहीतर सनदी शाळेवर अन्याय होईल.

याला जोडूनच दुसरा प्रश्न: रिकामी झालेली जागा शाळा भरते का? न्यूयॉर्कमधल्या सक्सेस अकॅडमी या गाजलेल्या संस्थेचे धोरण चौथीनंतर नवी मुले न घेण्याचे होते. त्यांचे म्हणणे, पाया कच्चा असलेले मूल मध्येच आले तर सगळ्यांची गती मंदावते. टीकाकार म्हणतात, सरकारी शाळेला ही चैन परवडत नाही. दोघांचेही खरे आहे. मॅसॅच्युसेट्सने २०१०च्या कायद्याने निदान खालच्या इयत्तांतल्या जागा भरणे बंधनकारक केले. २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने याच सक्सेस अकॅडमीच्या ब्रुकलिनमधल्या एका शाखेत १६ मुलांची यादी असल्याचे उघड केले, यादीचे नावच होते ‘गॉट टू गो’, म्हणजे ही मुले जायलाच हवीत. ते चुकले, पण ते धोरण नव्हते, अशी संस्थेची भूमिका होती.

म्हणून निलंबनाचे आकडे बघावेत. केंद्र सरकारचे शिक्षण खाते प्रत्येक सार्वजनिक शाळेचे हे आकडे वंश आणि अपंगत्व यांनुसार प्रसिद्ध करते. पाच वर्षांच्या मुलांना घरी पाठवणारी शाळा असेल तर कारण विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. कडक शिस्त सगळ्याच पालकांना नकोशी असते असे नाही. हार्लेममधल्या कितीतरी आया तिच्यासाठीच रांगेत उभ्या राहतात. पण आपले मूल वळवळे आहे की बुजरे हे माहितीपत्रकाला ठाऊक नसते.

शाळा पाहायला जाल तेव्हा मांडून ठेवलेला वर्ग दाखवतील. तो पाहावाच, पण मधली सुट्टी आणि वर्ग बदलतानाचा वऱ्हांडा जास्त बोलतो. मुले बोटावर बोट ठेवून ओळीत चालतात का? चुकलेल्या मुलाशी शिक्षिका कोणत्या आवाजात बोलते? आणि एक साधा प्रश्न: गेल्या वर्षीचे किती शिक्षक यंदा आहेत? सनदी शाळांत शिक्षक बदलण्याचे प्रमाण सरासरीने जास्त असते. लांब दिवसांची किंमत कुणीतरी मोजतोच. शिवाय मूल विशेष गरजांचे असेल तर ‘आमच्याकडे सोय आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. तज्ज्ञ शिक्षक पूर्णवेळ आहे की आठवड्यातून दोनदा येतो, हे लेखी घ्यावे.

जर्सी सिटीत किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या मराठी घरांपुढे आणखी एक कागद येतो: घरात कोणती भाषा बोलता? ‘मराठी’ लिहिले तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते, म्हणून काही पालक सरळ ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. माझ्या मते ते लपवण्यात लाभ नाही. चाचणीत मूल सहज उत्तीर्ण झाले तर विषय तिथेच संपतो. नाही झाले तर जास्तीच्या मदतीवर त्याचा हक्क कायद्याने येतो. आणि अशी मदत घेणारी किती मुले शाळेत आहेत, शेजारच्या सरकारी शाळेच्या तुलनेत किती, हा आकडा शाळेचे दार खरोखर कुणासाठी उघडे आहे ते सांगून जातो.

पैशाचा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नये. न्यूयॉर्कमध्ये सनदी शाळेच्या मंडळाच्या सभा जनतेला खुल्या असतात. इमारत कुणाची, भाडे कुणाला जाते, सनदेचे नूतनीकरण कधी, मागच्या वेळी पूर्ण मुदतीचे मिळाले की तोकडे, हे विचारावे. तोकड्या मुदतीचे नूतनीकरण म्हणजे ताकीदच. कारण सनदी शाळा बंद पडू शकते, आणि पडतातही. मग चौथीतल्या मुलाला नवी शाळा शोधायची पाळी आईवडिलांवर येते.

सोडत बहुधा मार्च-एप्रिलमध्ये निघते. भावंड आधीच त्या शाळेत असेल किंवा घर त्या भागात असेल तर न्यूयॉर्कमध्ये प्राधान्य मिळते, त्यामुळे पहिल्याच मुलासाठी अर्ज करणाऱ्यांना उरलेल्या जागा दिसतात त्याहून कमी असतात. प्रतीक्षायादीत १४०वा क्रमांक आला तर मात्र लगेच हाय खाऊ नये. तीच मुले पाच-सहा शाळांच्या याद्यांत असतात, आणि एकीकडे जागा मिळाली की बाकीच्या याद्या पुढे सरकतात. फोन कधी जूनमध्ये येतो, कधी शाळा सुरू झाल्यावर सप्टेंबरमध्ये. तोवर भागातल्या सरकारी शाळेत नाव घालून ठेवावे आणि तिथेही एकदा जाऊन वऱ्हांडा पाहून यावा.