चौघांसाठी गाणे झाले, त्या दोघांचे काय?

आमच्या चाळीत इंग्रजी गाणी ऐकणारा मी एकटाच होतो. ऐंशीच्या दशकात फुटपाथवर जुन्या कॅसेटी स्वस्तात मिळत. घरात टेप एकच. सकाळी त्यावर वडील वामनदादांची गाणी लावीत आणि रात्री मी गिटारवाल्यांची कॅसेट घालीत असे. एका रात्री भांडी घासता घासता आईने विचारले, "हा बाबा एवढा ओरडतो कशाला? कुणी मारलं का याला?"

मी म्हणालो, "याला नाही मारलं. तिकडं अमेरिकेत चार पोरांना गोळ्या घातल्या. त्यांच्यासाठी ओरडतोय."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग ओरडू दे. पण आवाज जरा कमी कर, शेजारी झोपलेत."

ते गाणे होते 'ओहायो'. गायक नील यंग. वाचकहो, रॉक संगीत म्हणजे लांब केस, नशा आणि धांगडधिंगा, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. त्यात ते सारे आहेही, मी नाकारीत नाही. परंतु सत्तेने बंदूक रोखली तेव्हा याच संगीताने काय केले आणि काय केले नाही, हे आपल्या घराघरांत समजले पाहिजे. कारण हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही.

तेरा सेकंद

३० एप्रिल १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जाहीर केले की, व्हिएतनामला लागून असलेल्या कंबोडियातही अमेरिकन सैन्य घुसत आहे. युद्ध संपवू म्हणणाऱ्या सरकारने युद्ध वाढवले होते. देशभर विद्यार्थी खवळून उठले. ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठातही निदर्शने सुरू झाली. गावात काचा फुटल्या आणि २ मेच्या रात्री विद्यापीठातील लष्करी प्रशिक्षणाची इमारत जळाली. राज्याने नॅशनल गार्ड बोलावले. हे गार्ड म्हणजे राज्याचे राखीव सैन्य. त्यात नोकरीधंदा सांभाळून सैनिकी करणारे तरुण बरेच असत.

४ मेच्या दुपारी मैदानात विद्यार्थी जमले. सभेला बंदी होती. आधी पांगण्याचा हुकूम झाला, मग अश्रुधूर. काही विद्यार्थ्यांनी दगड मारले, शिव्या दिल्या. सैनिक टेकडीवर चढले, वळले आणि त्यांच्यापैकी अठ्ठावीस जणांनी गोळ्या झाडल्या. तेरा सेकंदांत साठाहून अधिक गोळ्या सुटल्या. चार विद्यार्थी ठार झाले, नऊ जखमी झाले. जखमींपैकी एकाचे चालणे कायमचे गेले.

मेलेल्यांची नावे अशी: अ‍ॅलिसन क्राउस, जेफ्री मिलर, सँड्रा शॉयर, विल्यम श्रोडर. यांच्यापैकी एकही जण सैनिकांपासून अडीचशे फुटांच्या आत नव्हता. इतक्या दूरच्या माणसापासून बंदूकधाऱ्याच्या जिवाला कसला धोका? सँड्रा आणि विल्यम तर निदर्शनातही नव्हते. ते एका तासाकडून दुसऱ्या तासाला चालले होते.

गोळीबारानंतर शेकडो मुले संतापाने तिथेच बसून राहिली. आणखी रक्त सांडणार हे दिसत होते. तेव्हा ग्लेन फ्रँक नावाचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक मुलांसमोर उभे राहिले. रडत, विनवण्या करीत त्यांनी मुलांना तिथून उठवले. त्या दिवशी बंदूक नसलेल्या या एका माणसाने अनेक जीव वाचवले. जमाव कसा हाताळावा याचे धडे द्यायचे असतील तर फ्रँकसरांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

गाण्याचा जन्म

जेफ्रीच्या मृतदेहाशेजारी गुडघ्यावर बसून आक्रोश करणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र जॉन फिलो या विद्यार्थ्याने टिपले. ते जगभर पोहोचले आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. नील यंग हा मूळचा कॅनडाचा. त्याचा साथीदार डेव्हिड क्रॉस्बी याने त्याच्यापुढे 'लाइफ' साप्ताहिकातील छायाचित्रे ठेवली आणि नीलने तिथेच गाणे लिहायला घेतले. २१ मे रोजी, म्हणजे गोळीबारानंतर अडीच आठवड्यांत, चौघा गायकांनी ते लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केले. जूनमध्ये तबकडी बाजारात आली. शेवटी क्रॉस्बीचा जो आर्त आवाज ऐकू येतो तो अभिनय नव्हे. तो खरोखरच रडत होता. २०२३ साली तो वारला, पण तबकडीवरचे ते रडणे राहिले आहे.

त्या वेळी याच मंडळींचे आईवडील व मुलांच्या नात्यावरचे एक गोड गाणे बाजारात वर वर चढत होते. ते ग्रॅहम नॅशचे होते. 'ओहायो' आणले तर आपल्याच गाण्याचा धंदा मार खाणार, हे त्याला कळत होते. तरीही त्याने होकार दिला. गाण्यात निक्सनचे नाव थेट घेतले होते, म्हणून काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवले नाही. तरीही ते खपाच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेले.

आता कटू गोष्ट ऐका. त्याच महिन्यात 'न्यूजवीक'ने जनमत घेतले. शंभरातील अठ्ठावन्न लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला. सैनिकांना दोष देणारे फक्त अकरा निघाले. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या स्क्रँटन आयोगाने मात्र हा गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य असल्याचा निष्कर्ष दिला. १९७४ साली आठ सैनिकांवर खटला उभा राहिला, पण न्यायाधीशांनी तो फेटाळला. १९७९ साली जखमींना व मृतांच्या कुटुंबांना मिळून पावणेसात लाख डॉलर आणि खेदाचे एक पत्रक मिळाले. शिक्षा कुणालाही झाली नाही.

कामगारांचे काय?

आपण कष्टकरी माणसे आहोत, म्हणून हा भाग मुद्दाम सांगतो. केंट स्टेटनंतर चार दिवसांनी, ८ मे रोजी, न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांचा निषेध मोर्चा होता. त्यावर कुणी हल्ला केला? बांधकाम मजुरांनी! डोक्यावर शिरस्त्राणे घातलेल्या शेकडो मजुरांनी पोरांना बडवले आणि पोलीस बहुतांशी बघत राहिले.

मजुरांचा राग सगळाच खोटा नव्हता. महाविद्यालयात नाव असले की सैन्यभरती पुढे ढकलता येत असे. व्हिएतनामच्या चिखलात मरायला कामगारांची, गरिबांची आणि कृष्णवर्णीयांची पोरे जात. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या मंडळींचे 'फॉर्च्युनेट सन' हे १९६९ चे गाणे नेमके यावरच आहे. ते लिहिणारा जॉन फोगर्टी स्वतः राखीव सैन्यात राहून आला होता. पण मुलांना युद्धावर धाडणारे सरकार बाजूला राहिले आणि मजुराची मूठ विद्यार्थ्याच्या तोंडावर बसली. गरिबाने कुणाच्या वतीने हात उचलायचा, हे गरिबाने स्वतः ठरवले पाहिजे. नाहीतर दुसरा कोणीतरी ठरवतोच.

अकरा दिवसांनंतर

एकदा मी आईला ही सगळी हकीकत सांगत होतो. ती म्हणाली, "तिकडं काळ्या लोकांना पण मारतात ना रे? त्यांच्यावर आहे का गाणं?" मला उत्तर येत नव्हते. मी पुस्तके शोधू लागलो, आणि जे सापडले त्याने माझी मान खाली गेली.

केंट स्टेटनंतर अकराच दिवसांनी, १५ मे १९७० च्या मध्यरात्रीनंतर, मिसिसिपी राज्यातील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर गोळीबार केला. सुमारे अर्धा मिनिट बंदुका चालू होत्या. इमारतीवर शेकडो छर्रे आणि गोळ्या आदळल्या. फिलिप गिब्ज हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी आणि जेम्स अर्ल ग्रीन हा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा ठार झाले. बारा जण जखमी झाले. इथेही कुणाला शिक्षा झाली नाही.

त्याआधी ८ फेब्रुवारी १९६८ रोजी साउथ कॅरोलायना राज्यातील ऑरेंजबर्गमध्ये तीन कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी मेले होते. भांडण कशाचे? एका खेळघरात काळ्यांना प्रवेश नव्हता, त्याविरुद्धचे. ज्यांना पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारात अडवले गेले, त्या समाजाला हे समजावून सांगायला नको. तिथे नऊ पोलिसांवर खटला चालला. नऊही सुटले.

या मृतांसाठी 'ओहायो'सारखे जगभर गाजलेले गाणे झाले नाही. स्टीव्ह मिलरच्या मंडळींनी १९७० साली एका गाण्याच्या नावात केंटबरोबर जॅक्सनलाही जागा दिली, पण ते कितीजणांना ठाऊक आहे? गोऱ्या पोरांचे मरण साप्ताहिकाच्या पानापानांत छापले गेले, म्हणून गायकाच्या हाती पडले. काळ्या पोरांचे मरण आतल्या पानात गेले. नील यंगने वाईट हेतूने काही केले असे मी म्हणत नाही. त्याच्या गाण्यावर माझे आजही प्रेम आहे. पण कुणाचे मरण दिसते आणि कुणाचे दिसत नाही, हे गाणे लिहिले जाण्याच्या आधीच ठरलेले असते. जात असो वा वर्ण, काम एकच करते.

जॅक्सन शहराच्या महापौरांनी जाहीर माफी मागितली ती २०२१ साली. फिलिप आणि जेम्स यांना त्याच वेळी मरणोत्तर पदव्या दिल्या गेल्या. एकावन्न वर्षे लागली.

गाणे चिथावते काय?

मोर्चातील गाण्यांनी माथी भडकतात, असे अधिकारी नेहमी सांगतात. माझा अनुभव आणि वाचन उलटे सांगते. आधी लाठी येते, गाणे नंतर येते.

१९६६ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप रस्त्यावर रात्री दहानंतर अठरा वर्षांखालील मुलांना फिरण्यास बंदी होती. तिच्याविरुद्ध मुले जमली, पोलिसांशी झटापट झाली. ते पाहून स्टीफन स्टिल्सने 'फॉर व्हॉट इट्स वर्थ' लिहिले. लोक ते युद्धविरोधी गाणे समजतात, पण त्याचे मूळ या पोलिसी बंदीत आहे. त्यात आरोळी नाही. इथे काय चालले आहे ते नीट पाहा, एवढेच ते हळू आवाजात सांगते. मार्विन गे याचे 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे १९७१ चे गाणेही तसेच. ते रॉक नव्हे, कृष्णवर्णीयांचे सोल संगीत. बर्कलेला १९६९ साली पोलिसांनी तरुणांवर केलेला हल्ला ओबी बेन्सन या गायकाने पाहिला, त्यातून त्याचे बीज पडले. मार खाल्लेल्या माणसाने मारणाऱ्याला विचारलेला तो प्रश्न आहे. यात चिथावणी कुठे आहे?

पोलीस नकोत असे मी म्हणत नाही. आपल्या वस्तीतील कितीतरी मुले पोलिसात आहेत आणि ती आपलीच आहेत. मोर्चातला दगडही मला मान्य नाही. दगड मारणारा पळून जातो आणि गोळी मागे उभ्या असलेल्याला लागते. परंतु शांततेने व विनाशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने आपल्याला दिला आहे. तो हक्क म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे.

घाटकोपरचा शाहीर

हे सारे परक्या देशाचे म्हणून सोडून देता येत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव आणि प्रेरणा घेऊन. दुःखाचे नाते तेव्हाच ओळखले गेले होते.

आणि ११ जुलै १९९७ आपण कसे विसरू? घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. गुंडेवार आयोगाने गोळीबाराचे समर्थन मानले नाही. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली सत्र न्यायालयाने दोषी ठरवले. बारा वर्षांनी.

त्या गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरी जीवन संपवले. झोपडपट्टीतील माणसाचे दुःख गाणारा हा पहाडी आवाज आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या माहितीपटात ऐकू येतो. पुढे त्यांच्याच आठवणीपासून सुरू होणारा 'जय भीम कॉम्रेड' २०११ साली आला. नील यंगने छायाचित्र पाहून गाणे लिहिले, कंपनीने तबकडी काढली, जगाने ऐकली. आपला शाहीर मात्र तो घाव एकट्याने सोसत राहिला. त्या चार दिवसांत त्यांच्या शेजारी कोण बसले होते, हा प्रश्न मला आजही टोचतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच. वस्तीतला जो कुणी गातो, ढोलकी वाजवतो, गिटार शिकतो, त्याला फक्त जयंतीपुरते बोलावू नका. त्याच्या घरी चूल पेटते का, त्याची झोप नीट होते का, हेही विचारा. आणि मुलांना गाणी ऐकवा, वामनदादांची ऐकवा, 'ओहायो'ही ऐकवा. ऐकवताना चौघांची नावे सांगा. मग फिलिप गिब्ज आणि जेम्स अर्ल ग्रीन ही दोन नावे सांगा. मग रमाबाई नगरातील दहा नावे सांगा.

आई आता नाही. तो टेपही केव्हाच बिघडला. नातीच्या मोबाइलवर मी परवा ते गाणे लावले. तिने विचारले, "आजोबा, हे का ओरडतात?" मी तिला जवळ बसवले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.