महाडची दहा वर्षे

महाडच्या चवदार तळ्याचा मागोवा घेताना आपण 20 मार्च 1927 या एका दिवशीच थांबतो. खरे तर त्यामागची चार आणि पुढची दहा वर्षे अधिक शिकवतात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने 1923 मध्येच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळे खुले केले, पण केवळ कागदावर. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या परिषदेला जमलेले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह तळ्यावर पाणी प्यायले, तेव्हा परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले आणि 108 घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला. डिसेंबरात दुसरी परिषद भरवून पुन्हा सत्याग्रह करण्याची तयारी झाली, तोच तळे खासगी असल्याचा दावा दाखल होऊन न्यायालयाचा मनाई हुकूम आला.

माझ्या मते लढ्याची खरी कसोटी इथे लागली. हजारो माणसे जिवावर उदार होऊन जमली होती. सत्याग्रह तहकूब करायचा, तर तो निर्णय परस्पर घेऊन कळवता आला असता. पण प्रश्न भर परिषदेत मांडला गेला, बाजूने आणि विरोधात भाषणे झाली, सत्याग्रहाला तयार असलेल्यांनी नावे नोंदवली आणि त्यानंतर बाबासाहेबांनी तहकुबीची कारणे त्यांच्यासमोर मांडली. आधीच सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’ या त्यांच्या पत्रातूनही महाडची चर्चा चालू राहिली. दीर्घ लढ्यातला धीर टिकतो तो लोकांना दिलेल्या अशा हिशेबावर. ज्यांनी मार खाल्ला त्यांना पुढचे पाऊल का थांबले हे कळले नाही, तर धीराचा उपदेश हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरतो.

यावर रास्त आक्षेप असा की, धीर धरायला नेहमी पीडितांनाच सांगितले जाते आणि कोर्टाची वाट तर वेळ काढणाऱ्यांच्याच सोयीची असते. हे खरेच आहे. दहा वर्षांची किंमत दावा करणाऱ्यांनी मोजली नाही. पण तहकुबी म्हणजे माघार नव्हती. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, आणि दाव्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी म्हणून उभे राहिले. नाशिकला 1930 मध्ये सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह निष्फळ ठरतो आहे असे दिसल्यावर 1935 मध्ये येवल्यात तो मार्ग सोडल्याचेही त्यांनी जाहीर परिषदेत सांगितले. साधन बदलायची तयारी नसलेला धीर हा हट्ट होय. ती तयारी इथे होती.

मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937 रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला, पहिल्या सत्याग्रहाला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस असताना. निकालाचा आधार अरुंद होता: अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, एवढाच. प्रथा सिद्ध झाली असती तर बंदी टिकली असती; ही फट राज्यघटनेने बुजवली. अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे.