एका पातेल्यातली कोंबडी, सगळ्यांच्या वाट्याची

मागच्या भागात आपण परसबागेबद्दल बोललो. आज त्याच बागेतल्या भाज्या कोंबडीबरोबर एका पातेल्यात शिजवायच्या आहेत.

शहरातल्या पाककृतींच्या पुस्तकात याला कॅसरोल म्हणतात. आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की चपात्या गरम ठेवायचा डबा आठवतो. परदेशात मात्र ते झाकणाचं जाड भांडं. त्यात कोंबडी, बटाटे, गाजरं भरायची आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवायचं, म्हणजे वरून-खालून सारखी धग लागते. आपल्या चुलीवर झाकणावर निखारे ठेवले की तेच काम होतं.

हाच पदार्थ का निवडला ते सांगते. घरात कोंबडी शिजते तेव्हा तुमच्या ताटात काय येतं? माझ्या ताटात बरीच वर्षं मान आणि रस्सा यायचा. आधी पुरुषमाणसं, मग पोरं, पाहुणा असला तर त्याला आग्रह करकरून. आपण शेवटी पातेलं पुसून भाकरी खायची. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं तसंच. आणि रक्त कमी म्हणून गोळ्या खायच्या त्याही आपणच! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. कोंबडीत लोह फार नसतं, पण असतं ते अंगी चांगलं लागतं. शिवाय भाजी-भाकरीतलं लोहही तिच्या सोबतीनं जास्त शोषलं जातं. गोळ्या सोडायच्या नाहीत, पण दोन तुकडे आपल्या ताटातही पडले पाहिजेत.

आठ माणसांना 1 किलो कोंबडी पुरे. दुकानातूनच 16 तुकडे करून आणा. पाऊण किलो बटाटे, पाव किलो गाजर, पाव किलो श्रावणघेवडा, 4 कांदे, लसणाचा एक गड्डा, बोटभर आलं. विळीवर भाज्या आधी चिरून घ्या, कच्च्या कोंबडीला हात त्यानंतर लावा. कोंबडीचा हात लागलेल्या विळीवर कोशिंबिरीचा कांदा चिरला तर पोटं बिघडतात.

तुकड्यांना मीठ, हळद, वाटलेलं आलं-लसूण आणि घरचा मसाला चोळून अर्धा तास ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात चार चमचे तेलात कांदा लालसर करा, कोंबडी घालून पाच-सात मिनिटं परता. वर बटाटे, त्यावर गाजर, सगळ्यात वर घेवडा. भाज्यांपुरतं मीठ भुरभुरा. बटाटे अर्धे कापायचे, बारीक फोडी केल्या तर कोंबडी शिजेपर्यंत त्यांचा गाळ होतो. पाणी वाटीभरच, तेही गरम. कोंबडीला आणि भाज्यांना स्वतःचं पाणी सुटतं. काठ असलेली परात झाकून वर निखारे ठेवा, चुलीतला जाळ कमी करा. गॅस असेल तर पातेल्याखाली तवा, वर पाण्याची परात. पाऊण तास ढवळायचं नाही. झाकण काढण्याआधी निखारे उतरवा, नाहीतर राख थेट कालवणात.

हे झालं ब्रॉयलरचं. गावठी कोंबडी असेल तर जास्त पाणी घालून ती एकटीच तासभर शिजू द्या, भाज्या मग घाला.

टोमॅटो मी सांगितला नाही, तो विसरून नव्हे. आमच्या गटातल्या एकीनं रंग यावा म्हणून सहा टोमॅटो ओतले. कोंबडी शिजली, बटाटे कडकच! आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही. आंबटपणा हवा तर ताटात लिंबू पिळा, लोह शोषायलाही त्याची मदत होते.

शिजलं का ते मांडीच्या जाड तुकड्यावर बघा. हाडाजवळ सुरी टोचली की पाणी स्वच्छ आलं पाहिजे, गुलाबी नको. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा भीतीनं लोकांनी कोंबडी खाणंच सोडलं. आतपर्यंत नीट शिजलेल्या मांसात तो विषाणू जगत नाही. आजारी किंवा मेलेली कोंबडी मात्र घरात आणायचीच नाही.

आता वाढणं. घरात जितकी माणसं तितक्या वाट्या आधी मांडा, स्वतःचीही. प्रत्येकीत दोन तुकडे, दोन-तीन बटाटे आणि भाज्या घाला, मग हाका मारा. ज्याला आणखी हवं त्याला पातेल्यातले बटाटे आणि रस्सा आहेच. पहिल्या दिवशी आमच्याकडे दिरांनी विचारलं, "ही जास्तीची वाटी कुणाची?" सासूबाईच म्हणाल्या, "तिची."

उरलंच तर तासा-दोन तासांत झाकून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी खदखदून उकळी आल्यावरच खा. फ्रीज नसेल तर रात्रीच संपवा. आमच्याकडे उरतात ते बटाटे, आणि शिळ्या भाकरीबरोबर ते आम्ही सासू-सुना सकाळी खातो.