न दिसणारी देखभाल

मैत्रिणींनो, झाडलेलं घर कुणाच्या लक्षात येत नाही. न झाडलेलं मात्र लगेच दिसतं! संगणकाच्या जगातही असंच एक काम चालतं. तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात 'लिनक्स कर्नल' असतो. कॅमेरा, पडदा, बॅटरी यांच्याकडून काम करून घेणारा हा गाभा. फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ मध्ये लिहिला. आज जगभरातले हजारो जण तो सांभाळतात. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. दुरुस्तीला तिथे 'पॅच' म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळच!

या कामात बायकाही आहेत बरं का. एकच चूक शेकडो ठिकाणी असली तर? ती हुडकणारं 'कॉक्सिनेल' हे साधन फ्रान्समधल्या संशोधक ज्युलिया लॉवल यांनी सहकाऱ्यांसोबत घडवलं. नावाचा अर्थ ढालकिडा, पिकावरचा मावा खाणारा! शुआ खान कर्नलच्या चाचण्यांचा भाग सांभाळतात.

जुन्या यंत्रांचा आधारही असाच कुणीतरी टिकवलेला असतो. सांभाळणं फारच जड झालं, की तो काढून टाकतात. ज्या '३८६' चिपवर लिनक्स जन्मला, तिलाही २०१२ मध्ये निरोप मिळाला. कर्नल मात्र सर्वांना खुला आहे, फुकट आहे. लेकीला संगणकाची आवड असेल, तर तिला हे जरूर सांगा. नवं घडवण्याइतकंच आहे ते नीट सांभाळणंही मोलाचं, हे आपल्याशिवाय कोण जाणणार?